गिऱ्हाइकाच्या प्रश्नांचा पॉडकास्ट
‘छोटा व्यवसाय, मोठी ओळख’ : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण व्हॉट्सअॅपवरचा कॅटलॉग कसा मांडावा ते पाहिलं. कॅटलॉगमुळे माल दिसतो, भाव कळतो. पण आपला भाव शेजारच्या दुकानापेक्षा जास्त का, हे कॅटलॉग सांगत नाही. ते समजावून सांगावं लागतं आणि त्याला निवांत वेळ लागतो. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी असताना एका गिऱ्हाइकाला दोन मिनिटंही देता येत नाहीत. हे निवांत बोलणं एकदाच करून ठेवायचं आणि हवं त्याने हवं तेव्हा ऐकायचं, अशी सोय पॉडकास्टमध्ये आहे.

‘आमच्या एवढ्याशा धंद्याला पॉडकास्ट कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’, ‘थिंक बँक’ हे मराठी कार्यक्रम आपण बघतो-ऐकतो आणि नामवंत पाहुणे, कॅमेरे, स्टुडिओ यांशिवाय हे काम होणार नाही असं धरून चालतो. पण त्या कार्यक्रमांना मोठा श्रोतृवर्ग हवा असतो. कारण कार्यक्रम हेच त्यांचं काम आहे. तेलघाणा चालवणाऱ्याला, पैठणी विणणाऱ्याला किंवा देवगडहून हापूसच्या पेट्या पाठवणाऱ्या बागायतदाराला लाखो श्रोते मिळाले तरी त्यांतले बहुतेक जण कधीच गिऱ्हाईक होणार नाहीत. आपल्याकडून खरेदी करू शकतील अशी दोनशे माणसं मन लावून ऐकत असतील, तर छोट्या व्यवसायाला तेवढं पुष्कळ झालं.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. पॉडकास्टवरून माल विकायला जाऊ नका. गिऱ्हाईक जे प्रश्न विचारतं, त्यांची खरी उत्तरं द्या. विक्री त्याच्या मागोमाग येते.

आवाजाने जोडलेली माणसं

ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांना गाणी तर हवीच होती. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका हे टूथपेस्टचं नाव. कार्यक्रमात अमीन सयानी आठवड्यातली लोकप्रिय गाणी क्रमवारीने ऐकवत आणि समोर बसून गप्पा माराव्यात तसे श्रोत्यांशी बोलत. दर बुधवारी रात्री घराघरांत रेडिओ लागायचा. टूथपेस्टची जाहिरात हा त्या तासातला सगळ्यात छोटा भाग होता. लोकांना हवं ते ठरलेल्या वेळी, न चुकता आणि आपुलकीने दिलं जात होतं. म्हणून ते नाव पिढ्यांच्या लक्षात राहिलं.

त्या काळी असा कार्यक्रम करायचा तर पाठीशी मोठी कंपनी आणि रेडिओ केंद्र लागे. आता तसं नाही. २००५ मध्ये अॅपलने आयट्यून्स या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टला जागा दिली. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आज एक फोन आणि एक शांत खोली एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.

वाइनच्या दुकानातला कॅमेरा

दुकानदाराने स्वतः केलेल्या पॉडकास्टचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू जर्सीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये गॅरी वेनरचक यांच्या वडिलांचं मद्याचं दुकान होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये गॅरीने एक साधा कॅमेरा लावून ‘वाइन लायब्ररी टीव्ही’ हा व्हिडिओ पॉडकास्ट सुरू केला. तो वाइन चाखायचा आणि ती कशी लागते ते जाणकारांची जड भाषा टाळून सांगायचा. नाही आवडली तर तसंही बिनदिक्कत बोलायचा, मग ती बाटली त्यांच्याच दुकानात विकायला का असेना. २०११ पर्यंत त्याने असे हजार भाग केले.

या उदाहरणातून घेण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे, जो दुकानदार ‘ही घेऊ नका’ म्हणू शकतो, त्याच्या ‘ही घ्या’ला वजन येतं. दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या दुकानाची उलाढाल पॉडकास्टच्या आधीच काही पटींनी वाढली होती, ती इंटरनेटवरची विक्री आणि ग्राहकांना नियमित पाठवलेले ईमेल यांच्या जोरावर. पॉडकास्टने त्यावर विश्वासाची आणि ओळखीची भर घातली. माल चांगला नसेल, पोहोचवण्याची व्यवस्था धड नसेल, तर पॉडकास्ट धंदा तारून नेणार नाही. आधी घर नीट लावा, मग पाहुण्यांना बोलवा.

विषय गल्ल्यावरच सापडतात

‘बोलायचं काय?’ या प्रश्नापाशी बहुतेक जण अडतात. त्याचं उत्तर गल्ल्याशेजारी एक वही ठेवून मिळतं. आठवडाभर गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. सुधारून लिहू नका.

समजा, तुमचा लाकडी घाणा आहे. वहीत साधारण असे प्रश्न जमतील : ‘रिफाइंडच्या दुप्पट भाव का?’ ‘भजी तळताना तेल फेसाळतं, भेसळ आहे का?’ ‘बाटलीच्या तळाशी गाळ कसला?’ ‘किती महिने टिकतं?’ ‘घरची बरणी आणली तर सुटं द्याल का?’ ‘माझे शेंगदाणे आणले तर काढून द्याल का?’ यांतला एकेक प्रश्न म्हणजे एकेक भाग.

पहिलाच प्रश्न घ्या. एक लिटर शेंगदाणा तेलाला घाण्यावर सुमारे अडीच किलो दाणे लागतात. दाण्याचा भाव किलोला १२० रुपये धरला, तर ३०० रुपये नुसत्या दाण्यांचे झाले. मागे दीड किलोच्या आसपास पेंड उरते. ती किलोला ४० रुपयांनी गेली, तर ६० रुपये सुटतात. वीज, मजुरी, बाटली, भाडं पुढे धरायचं. मोठ्या कारखान्यात पेंडीत राहिलेलं तेलही रसायनाच्या मदतीने काढून घेतात, घाण्यावर ते पेंडीतच राहतं. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर असा मोकळा मांडला की घासाघीस आपोआप कमी होते. ‘आमचं तेल शुद्ध, सात्त्विक आणि दर्जेदार’ हे शंभरदा सांगूनही जे साधत नाही, ते या पाच वाक्यांत साधतं.

आता फेसाचा प्रश्न. भागाची सुरुवात दोन प्रकारे करता येईल. एक अशी : ‘नमस्कार, आमच्या पॉडकास्टमध्ये आपलं सहर्ष स्वागत. आमची स्थापना अमुक साली झाली असून आम्ही ग्राहकसेवेसाठी सदैव तत्पर आहोत.’ ऐकणारा इथेच बंद करून पुढे जाईल. दुसरी अशी : ‘परवा एक काकू बाटली परत घेऊन आल्या. म्हणाल्या, अहो, भजी सोडली आणि तेल कढईच्या काठापर्यंत फेसाळलं. भेसळ तर नाही ना? काकूंची शंका रास्त होती. आज तेच सांगतो.’ मग सांगा, की न गाळता-शुद्ध करता काढलेल्या तेलात काही नैसर्गिक चिकट द्रव्यं आणि थोडा ओलावा राहतो. रिफाइंड तेलातून ही द्रव्यं काढून टाकलेली असतात. त्यामुळे घाण्याचं तेल तापताना फेसाळतं. कढई अर्ध्याहून कमी भरा, आच मध्यम ठेवा, फेस बसू द्या आणि मग भजी सोडा. नुसत्या फेसावरून भेसळ ठरत नाही, हेही सांगा. पाच-सात मिनिटांत भाग संपेल. आणि तळण काढणारं प्रत्येक घर तो शेवटपर्यंत ऐकेल.

अवघड प्रश्न टाळू नका. ‘सुटं द्याल का’ याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कारणासह नाही म्हणा : राज्य सरकारने सूट दिली नसेल तर खाद्यतेल सुटं विकता येत नाही, ते बंद करून, लेबल लावूनच विकावं लागतं. नियम पाळणारा दुकानदार म्हणून तुमची ओळख तिथेच पक्की होते.

फोन, पांघरूण आणि बंद पंखा

सुरुवातीला महागडी यंत्रं घेऊ नका. फोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. खोली निवडताना मात्र चोखंदळ राहा. मोकळ्या भिंती आणि फरशी असली की आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली चांगली. पंखा आणि फ्रिज बंद ठेवा, फोन विमान मोडवर टाका. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असू द्या, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना फटके बसत नाहीत. एक मिनिट बोलून, कानाला इअरफोन लावून ऐका, मग पुढे जा.

कागदावर पूर्ण भाषण लिहून वाचू नका. वाचलेलं लगेच कळतं. पाच मुद्दे लिहा आणि समोर नेहमीचं गिऱ्हाईक बसलंय असं समजून बोला. तुमची बोली जशी आहे तशीच राहू द्या. कोल्हापूरच्या दुकानदाराने पुण्याचं आणि नागपूरच्या दुकानदाराने मुंबईचं मराठी बोलायची काही गरज नाही. चुकलेलं वाक्य कापायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

पोहोचवणं आणि मोजणं

भाग तयार झाला की तो एका होस्टिंग सेवेवर चढवायचा. स्पॉटिफायची अशी सेवा फुकट आहे. तिथून तुमच्या कार्यक्रमाचा फीड, म्हणजे सगळ्या भागांची आपोआप ताजी होणारी यादी, तयार होतो. हाच फीड अॅपलसारख्या इतर ठिकाणी नोंदवला, की नवा भाग तिथेही आपोआप दिसू लागतो. यूट्यूबवरही तो टाका, कारण आपल्याकडे पुष्कळ लोक तिथेच शोधतात. मूळ फाइली मात्र स्वतःजवळ जपून ठेवा. गूगलने आपलं पॉडकास्टचं अॅप २०२४ मध्ये बंद केलं. दुसऱ्याच्या जागेवर सगळा संसार मांडू नये, हा धडा त्यातून घ्यायचा.

पण खरा श्रोता अॅपमधून शोधत येईल, अशी वाट पाहू नका. तो तुमच्या व्हॉट्सअॅपवर आहे. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच मिळतो, आणि एका यादीत २५६ जण बसतात. लहान दुकानाला ही यादी सोन्यासारखी आहे. बिलावर, बाटलीच्या लेबलवर, पिशवीवर त्या-त्या भागाचा क्यूआर कोड छापा. फेसाचा भाग तेलाच्या बाटलीवर आणि पैठणीची घडी कशी घालावी याचा भाग साडीच्या खोक्यात हवा. गिऱ्हाईक घरी जाऊन वस्तू उघडतं तेव्हाच त्याला तो हवा असतो.

किती जणांनी डाउनलोड केलं, यावर रोज डोळे लावून बसू नका. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारा आणि उत्तर वहीत लिहा. लोक भाग कुठपर्यंत ऐकतात, याचा आलेख सेवेवर मिळतो. पहिल्याच मिनिटाला गळती असेल, तर सुरुवात बदला. आणि जे प्रश्न पूर्वी रोज यायचे, ते कमी झाले का, ते पाहा. तेच प्रश्न बंद होऊन नवे, खोलवरचे प्रश्न येऊ लागले, की लोक खरंच ऐकताहेत हे समजावं.

दर आठवड्याला कायम भाग देईन, असं वचन देऊ नका. अनेक कार्यक्रम पहिल्या काही भागांनंतर बंद पडतात ते याच ओझ्याने. बारा भागांचा एक हंगाम जाहीर करा, तो पूर्ण करा, थांबा, वही चाळा आणि मग पुढचा हंगाम ठरवा. हापूसवाल्यांनी फेब्रुवारीत आणि तेलवाल्यांनी दिवाळीच्या दोन महिने आधी सुरुवात करावी.

पाळायची पथ्यं

कार्यक्रमात सिनेमाचं गाणं वाजवू नका. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी ‘याने मधुमेह बरा होतो’, ‘गुडघेदुखी जाते’ असली विधानं मुळीच करू नयेत. आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायद्याचा बडगा आहे, आणि खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. शिवाय अशा एका विधानाने बारा भागांत कमावलेला विश्वास जातो. गिऱ्हाइकाचा किस्सा सांगताना नाव-गाव वगळा. कोणाचा आवाज वापरायचा असेल, तर आधी परवानगी घ्या. शेजारच्या दुकानदाराची निंदा करू नका.

या आठवड्यासाठी एक काम. उद्या सकाळी दुकान उघडताना गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि सात दिवस प्रश्न लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना तुम्ही थोडे अडखळता, तो बाजूला काढा आणि त्याच्यावर पहिला भाग करा. कारण गिऱ्हाइकाच्या मनातली खरी शंका बहुधा तीच असते. तिचं प्रामाणिक उत्तर तुमच्या आवाजात त्याच्यापर्यंत पोहोचलं, की भावाची तुलना मागे पडते.

(पुढील लेखांकात : ऑनलाइन मिळालेल्या वाईट अभिप्रायाला उत्तर कसं द्यावं)