पगार साधाच, पण उत्तर हलवणारा

अमेरिकेतल्या १९७५च्या एका गाजलेल्या नमुन्यात ७५३ विवाहित स्त्रिया आहेत. पगारी काम करणाऱ्या ४२८. उरलेल्या ३२५ जणींना किती मिळालं असतं? फक्त कमावत्या बायकांवरून सरसकट हिशेब मांडला तर तो फसू शकतो. जेम्स हेकमन यांनी (२०००चं नोबेल) दोन समीकरणं जोडली: कामाला कोण जातं, आणि गेल्यास किती मिळतं. पहिल्यातून प्रत्येक कमावतीसाठी एक दुरुस्ती निघते, ती दुसऱ्यात घालायची. गोम इथेच आहे. पहिलं समीकरण जिला घरीच बसवतं, ती कामावर असली की तिच्या वाट्याची दुरुस्ती भलतीच मोठी होते. पगार चारचौघींसारखा असूनही ती अख्खं उत्तर हलवू शकते. नुसते पगार चाळून ती सापडत नाही. मग एकेक नोंद वगळून दोन्ही समीकरणं पुन्हा सोडवायची आणि उत्तर किती सरकलं ते बघायचं. सापडली म्हणून लगेच काढून मात्र टाकू नये, बरं का! आधी तिचं वय, शिक्षण, मुलांची संख्या नीट नोंदवली आहे का, ते तपासावं.