पियूट : ठरीव प्रार्थनेतील नवे काव्य

ज्यू उपासनेतील ठरीव प्रार्थनांमध्ये गुंफून गाइल्या जाणाऱ्या हिब्रू काव्याला पियूट आणि त्याच्या कर्त्याला पैतान म्हणतात. बायझंटाईन अमलाखालील पॅलेस्टाईनमध्ये हा प्रकार बहरला. तेथील सिनेगॉगांत तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, दर शब्बाथला थोडे थोडे वाचून सुमारे तीन-साडेतीन वर्षांत पूर्ण होत; प्रार्थनेचा साचा मात्र तोच राही, आणि त्या दिवसाचे वाचन व तो साचा यांचा सांधा जुळवण्याचे काम पैतानाने अंगावर घेतले.

सहाव्या शतकाच्या सुमाराच्या यन्नाईने या हेतूने रचलेली ‘केदुश्ता’ ही काव्यमाला उभे राहून म्हणावयाच्या ‘अमिदा’ या मुख्य प्रार्थनेच्या पहिल्या तीन आशीर्वचनांना सजवते. तिच्या पहिल्या कवनाच्या ओळी हिब्रू वर्णमालेतील ‘आलेफ’ ते ‘लामेद’ या अक्षरांनी क्रमाने सुरू होतात, दुसऱ्याच्या ‘मेम’ ते ‘ताव’ या उरलेल्या अक्षरांनी, तर तिसऱ्याच्या आद्याक्षरांतून कवीचे नाव उमटते. यमकाचा नियमित वापर करणारा आणि रचनेत स्वतःचे नाव गोवणारा पहिला ज्ञात पैतान तोच. अभंगाच्या शेवटी येणारी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा उघड असते, ही मात्र अक्षरांत दडलेली आहे.

इतका थोर कवी पुढे जवळजवळ विस्मरणात गेला, ही हिब्रू साहित्याची मोठी हानी होती. ईश्वराचे नाव असलेला जीर्ण कागद टाकून द्यायचा नाही, या रिवाजामुळे कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगात साठलेल्या हस्तलिखितांतून, म्हणजे ‘गनीझा’तून, त्याची पाने पुन्हा हाती आली. त्यांतील काहींवर आधीचा ग्रीक मजकूर पुसून त्यावर हिब्रू कवने लिहिलेली होती, आणि अभ्यासकांचे लक्ष प्रथम त्या खालच्या ग्रीककडेच गेले. वरची कवने इस्राएल डेव्हिडसन यांनी 1919 मध्ये प्रसिद्ध केली आणि मेनाहेम झुलाय यांचा विस्तृत संग्रह 1938 मध्ये बर्लिनमध्ये निघाला. विखुरलेल्या तुकड्यांतून यन्नाईची कवने ओळखताना नावाची ती अक्षरे मोलाची ठरली.

प्रार्थनेच्या मध्ये काव्य घालण्यास बॅबिलोनियातील काही धर्मगुरूंनी विरोध केला, तरी पियूट टिकले. स्पेनमध्ये सॉलोमन इब्न गबिरोल व यहूदा हालेवी यांनी अरबी धर्तीची वृत्तेही त्यात वापरली, आणि सोळाव्या शतकात साफेदच्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेले ‘लेखा दोदी’ शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागतासाठी जगभर गायिले जाते. त्याच्याही कडव्यांच्या आद्याक्षरांत कर्त्याचे नाव आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजात ‘एलियाहू हन्नावी’ हे एलिया प्रेषितावरील गीत सिनेगॉगाबाहेर, पोहे, ओले खोबरे व फळे मांडून केल्या जाणाऱ्या मलिद्याच्या विधीत, हिब्रूतूनच गायिले जाते.