पावसाळ्यातील खेळघर

मैदान हे मुलांच्या खेळाचे खरे स्थान होय, यात शंका नाही. परंतु आमच्या भोर तालुक्यात मृग बरसू लागला की मैदानाचा चिखल होतो. उत्रोलीसारख्या गावात लावणीच्या दिवसांत आईबाप भातखाचरात असतात व मुले ओटीवर पावसाकडे पाहत बसतात. उघडीप पडताच धडधाकट मूल धावत सुटते. ज्याचा पाय अधू आहे, ज्यास दिसत नाही, ते मात्र ओटीवरच राहते. त्याचा पावसाळा बारमाही असतो!

याकरिता गावात छपराखाली लहानथोरांस एकत्र खेळता येईल अशी एखादी जागा असावी, असे आम्हांस वाटते. समाजमंदिर किंवा शाळेची रिकामी खोलीही त्यास पुरेल.

पहिला विचार प्रवेशाचा. जो दारातच अडला, त्यास आतील खेळणी असून नसून सारखीच. एक फूट चढास निदान बारा फूट लांबीची उतरण हवी. म्हणजे दोन फुटी जोत्यास चोवीस फूट. दार तीन फूट रुंद असावे व आत चाकांची खुर्ची वळविण्यास पाच फूट मोकळी जागा ठेवावी. हीच उतरण काठी टेकीत येणाऱ्या आजीस व कडेवर मूल घेतलेल्या आईसही सोयीची पडते.

दुसरा विचार खेळांचा. चेंडूत घुंगरू घातले की तो अंध मुलास ऐकू येतो. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, घराघरास भोक व मोहऱ्यांस खुंटी असते. त्यामुळे हाताने चाचपले तरी डाव मोडत नाही. शिट्टीबरोबर रुमालही हालविला की बहिऱ्या मुलास खूण पटते. सागरगोटे, सारीपाट, वाघबकरी हे तर बसूनच खेळावयाचे. ज्यांस गलका सोसत नाही, अशांसाठी एक शांत कोपराही राखावा.

इतका पैसा कोठून आणावा, असे पालक विचारतील. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा बिया, खडे, शंखशिंपले अशा भोवतालच्या वस्तूंचीच साधने केली. ते आपणांसही अशक्य नाही.

अपंग मुलांस इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त शाळांचे कर्तव्यच ठरविले आहे. परंतु कायदा उतरण बांधवील. डावात भिडू म्हणून घेणे सोबत्यांच्याच हाती आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुढच्या पावसात सारीपाट मांडाल, तेव्हा ओटीवर एकटा बसलेल्या सोबत्यास आधी हाक मारा, आणि मग सोंगट्या लावा.