सीबीजीसाठी नेपियर देताय? आधी गॅसचा व्यवहार समजून घ्या

सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्लांटला नेपियर किंवा पाचट देण्याचा करार समोर आला की बहुतेक जण फक्त टनाचा दर पाहतात. तो दर टिकेल की नाही, हे मात्र प्लांटच्या गेटपलीकडे गॅस कसा विकला जातो यावर ठरते.

डेअरीचे उदाहरण घ्या. केंद्रावर दूध मोजले, फॅट-एसएनएफ पाहिले, नोंद झाली आणि ते टँकरमध्ये सगळ्यांच्या दुधात मिसळले. पुढे पिशवीत कोणाचे दूध आहे हे कोणी सांगू शकत नाही. पैसे नोंदीवर मिळतात. गॅसचेही तसेच. शेणापासूनचा मिथेन आणि विहिरीतून काढलेल्या नैसर्गिक वायूतला मिथेन एकच. पाइपलाइनमध्ये गेल्यावर वेगळा ओळखता येत नाही, म्हणून गॅसबरोबर कागद चालतो.

पहिला कागद गुणवत्तेचा. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शुद्धीकरणानंतर आयएस 16087:2016 मानकाप्रमाणे मिथेन किमान 90 टक्के लागतो.

दुसरा कागद उगमाचा. ब्रिटनमध्ये हरित गॅसच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. ग्राहकाच्या नावे तो वापरला की बाद होतो, म्हणजे एकच युनिट दोनदा विकता येत नाही. युरोपियन युनियनमध्ये तर चौकशी कच्च्या मालापर्यंत मागे जाते: शेण आहे, पिकाचे अवशेष आहेत की मुद्दाम लावलेले पीक? तिथे शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्रही लागते.

आपल्याकडे ऑक्टोबर 2018 मध्ये 'सतत' योजना सुरू झाली. तेल व गॅस कंपन्या सीबीजी खरेदीसाठी प्लांटला इरादापत्र देतात. आता शहरी गॅस वितरणातील वाहनांचा सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस यांत सीबीजीचा वाटा बंधनकारक केला आहे: 2025-26 मध्ये 1 टक्का, पुढच्या वर्षी 3, मग 4 आणि 2028-29 पासून 5 टक्के. गॅसला गिऱ्हाईक आहे, ते यामुळे. पण बंधन गॅस कंपन्यांवर आहे, तुमच्या गावात प्लांट उभा करण्याचे बंधन कोणावर नाही.

म्हणून कंपनी सभासद फी किंवा बेण्याचे पैसे आधी मागत असेल, तर खरेदीदाराचे इरादापत्र, जागेचे कागद आणि बँकेची कर्जमंजुरी पाहिल्याशिवाय एक गुंठाही लावू नका. प्लांट झाला नाही तर एवढे नेपियर खाणारी जनावरे तुमच्याकडे आहेत का? मला तरी हा प्रश्न दरापेक्षा मोठा वाटतो.

दरही नीट वाचा. ताज्या नेपियरमध्ये 75 ते 80 टक्के पाणी असते. वजन ओल्याचे धरणार की सुक्या मालाचे, ओलावा कोण मोजणार, तोडणी-वाहतूक कोणाकडे, हे करारात लिहून घ्या. काट्याच्या पावत्या जपून ठेवा. उद्या उगमाचा दाखला मागितला गेला तर तुमच्याकडचा पुरावा तोच.

आणखी एक. नेपियर जमिनीतून नत्र आणि पालाश भरपूर उचलते. प्लांटमधून निघणाऱ्या आंबवलेल्या सेंद्रिय खताच्या विक्रीवर केंद्र सरकारने 2025-26 पर्यंत टनामागे 1,500 रुपये साहाय्य मंजूर केले होते, ते उत्पादकासाठी होते. त्यातले किती टन खत, कोणत्या दराने तुमच्या शेतात परत येईल, तेही त्याच करारात लिहून घ्या.