गाडीच्या पोटातलं तेल आणि कुकरची रिंग

मैत्रिणींनो, कुकरची रिंग नीट बसली नाही की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण जुन्या रिंगवरच नवी रिंग बसवली तर? ‘असं कोण करेल!’ म्हणाल. मी केलं, आणि तेही कुकरला नव्हे, मोटारीला!

आमच्याकडे एक जुनी स्पोर्ट्‌स कार आहे. सॅन स्टॉर्म तिचं नाव. १९९८ साली बाजारात आलेली, गोव्याकडची, दोनच माणसं बसतील अशी बुटकी गाडी. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनो कंपनीचं, ११४९ सीसीचं. आता ती तयार होत नाही आणि सुटे भाग शोधताना नाकी नऊ येतात. ह्यांनी ती हौसेने जुनी विकत घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “पाच माणसांच्या घरात दोघांची गाडी!” पण रविवारी सकाळी तिचं तेलपाणी करणं हाच ह्यांचा विरंगुळा.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या कमरेचं दुखणं निघालं. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गाडी एका गॅरेजात जाऊ लागली. पावतीवर ‘नवे तेल, नवा फिल्टर’ लिहून येई, आम्ही पैसे मोजत असू. यंदा मात्र ह्यांनी ती विकायचीच भाषा काढली. “नाहीतरी तिच्याकडे बघणार कोण?” म्हणाले, आणि पानावरून लवकर उठले. मला राहवेना. म्हटलं, “तुम्ही स्टुलावर बसून सांगा, मी करते.”

तेल बदलायचं कशासाठी? तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळं पडतं, तसंच इंजिनातलंही. शिवाय गाडी नुसती उभी राहिली किंवा जवळच फिरली, तर आत ओल आणि न जळलेलं पेट्रोल साठतं. म्हणून फार न चालणाऱ्या गाडीचंही तेल वर्षातून एकदा बदलावं. तेल कोणतं आणि किती, ते गाडीच्या पुस्तकात पाहूनच आणावं.

कामाला लागण्यापूर्वी बांगड्या उतरवा, मंगळसूत्र आत सारा, ओढणी-पदर लोंबता ठेवू नका. हातात रबरी मोजे घाला. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅक सांगाड्याच्या भक्कम जागीच लावावा. फायबरचं अंग वजन पेलत नाही, तडकतं. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंना लावून, गाडी हलवून पाहूनच खाली जा.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट तेल भराभर उतरतं, उकळतं तेल मात्र हात भाजतं. खाली पसरट घमेलं ठेवून बूच काढा. बुचाखालचा वॉशर नवा घाला. बूच घट्ट बसवा, पण जोर दाखवायला जाऊ नका, आटे गेले तर खर्च मोठा.

मग फिल्टर. आमचा निघता निघेना. शेवटी निघाला तो गंजलेला, आणि त्यावर ह्यांच्याच अक्षरात तारीख, तीन वर्षांपूर्वीची! म्हणजे पावत्यांवरचे सगळे ‘नवे फिल्टर’ कागदावरच राहिले होते. रागाच्या भरात मी नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचं बोट फिरवलं, हाताने घट्ट बसवला, वरून नवं तेल ओतलं, गाडी खाली घेतली आणि चावी फिरवली. तांबडा दिवा विझला, अन् दुसऱ्याच क्षणी खालून तेलाची धार! “बंद कर!” हे ओरडले.

जुन्या फिल्टरची रिंग इतक्या वर्षांत इंजिनालाच चिकटून राहिली होती, आणि तिच्यावर मी दुसरी चढवली होती. नवं महाग तेल फरशीवर गेलं. पण हेच भर रस्त्यात घडतं तर तेलावाचून इंजिन काही मिनिटांतच जाम झालं असतं आणि गाडी भंगारात गेली असती. मला रडूच आलं. हे म्हणाले, “अगं, गॅरेजवाल्याने फसवलं, तू नुसती चुकलीस. पुन्हा कर.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. या खेपेस फिल्टर काढल्यावर इंजिनाची बैठक फडक्याने पुसली, बोट फिरवून पाहिलं, आणि मगच नवा बसवला. तेल थोडं कमीच ओतलं. इंजिन चालवून बंद केलं, पाच मिनिटं थांबून दांडी पुसून बुडवली. तेल दोन खुणांच्या मध्ये होतं आणि खाली एक थेंब नव्हता.

काढलेलं तेल मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, बंबातही जाळू नका. झाकणाच्या डब्यात भरून वर मोठ्या अक्षरांत ‘गाडीचे जुने तेल’ लिहा आणि असं तेल पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या. मुलांच्या हाताशी ठेवू नका.

सगळ्यांनीच गाडीखाली शिरावं, असं मी म्हणत नाही. पण गाडी गॅरेजात दिलीत तर निदान जुना फिल्टर मागून घ्या, आणि नव्यावर तारीख घालून मगच पैसे द्या. आमच्या फिल्टरवर यंदाची तारीख माझ्या अक्षरात आहे. गाडी विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही.