दिव्याची फिर्याद

श्रावणातल्या एका भुरभुरत्या दुपारी चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली घाट चढत असताना, एका अवघड वळणावर, आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एकाच वेळी दोन पिवळे दिवे उजळले. एकात ‘एबीएस’ ही अक्षरे होती आणि दुसऱ्यात, मागे नागमोडी रेघा सोडीत घसरत चाललेल्या मोटारीचे चित्र. शेजारी बसलेल्या मेहुण्यांनी ब्रेक गेल्याचे तत्काळ जाहीर केले. ब्रेक गेलेले नव्हते, हे पायाखालच्या पेडलने दुसऱ्याच क्षणी पटवून दिले. पण मेहुण्यांची समजूत काही पेडलवर अवलंबून नव्हती.

या दिव्यांच्या रंगांत एक दर्जेवारी आहे. लाल दिवा मूळ ब्रेकविषयी बोलतो: हॅण्डब्रेक ओढलेला राहिला आहे, किंवा टाकीतील ब्रेक ऑइल किमान खुणेच्या खाली उतरले आहे, आणि हॅण्डब्रेक सोडूनही तो तेवत राहिला, तर गाडी बाजूस घेऊन थांबावे. (ऑइल उतरले म्हणजे गळती असलीच पाहिजे असे नाही, पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांच्यामागे वाढलेली जागा टाकीतले ऑइल व्यापते, म्हणून पॅड न पाहता नुसती भर घालणारा मनुष्य स्वतःचीच फसवणूक करीत असतो.) पिवळा दिवा एवढेच कळवितो, की ब्रेकच्या साहाय्यक यंत्रणेने आपला कारभार तहकूब केला आहे, गाडी थांबेल, पण ओल्या रस्त्यावर पेडल जोराने दाबल्यास चाके जखडून घसरत जाईल. लाल आणि एबीएसचा पिवळा हे दोन्ही एकदम लागले, तर मागच्या चाकांवरील दाब आवरणारी व्यवस्थाही निकामी झाल्याचा संभव असतो, आणि मागची चाके आधी जखडली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. घसरत्या मोटारीचे चित्र नुसते लुकलुकले, तर मात्र घाबरू नये. यंत्रणा त्या क्षणी आपले काम करीत असते.

मग आमच्या गाडीत एकाच क्षणी दोन यंत्रणा कशा बिघडल्या? बिघडल्या नव्हत्याच. १९७८ साली बॉश कंपनीची एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लास मोटारीत प्रथम आली, आणि १९९५ साली तिच्याच पायावर स्थैर्यनियंत्रणाची दुसरी यंत्रणा उभी राहिली. पहिली चारही चाकांच्या वेगांची तुलना करते आणि एखादे चाक, कोणतीही मोटार मंदावू शकणार नाही इतक्या झपाट्याने मंदावू लागले, की त्याच्या ब्रेकवरील दाब सेकंदात अनेक वेळा सोडून पुन्हा चढविते. दुसरी याखेरीज स्टिअरिंग किती वळले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली याचा ताळा पाहते, आणि तफावत आढळल्यास एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडीला मार्गावर आणते. साक्षीदार दोघींचे तेच चार: प्रत्येक चाकापाशी बसविलेला वेगाचा सेन्सर. त्यांपैकी एकाची जबानी अविश्वसनीय ठरली, की दोन्ही कचेऱ्या एकदम बंद होतात.

हा साक्षीदार पूर्वी साधाभोळा होता. लोखंडी दातेरी कडे फिरे, शेजारच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या नियमानुसार वीज उमटे, आणि गती मंदावली की तिचा आवाजही क्षीण होई. आता बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांचे चुंबकीय कडे असते, आणि सेन्सर हाताने फिरविलेल्या चाकाचीही नोंद देतो. कड्यावर ध्रुवांच्या ४८ जोड्या आणि चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २८० स्पंद येतात. अशा सेन्सरला जुन्या सवयीने ओहममीटर लावून निकाल देणे व्यर्थ आहे.

कराडला एका गॅरेजात स्कॅनर लावला, तेव्हा ‘सी’ने आरंभ होणारा कोड निघाला. (इंजिनाच्या तक्रारी ‘पी’च्या दप्तरात असतात, स्वस्त स्कॅनर बहुधा तेवढेच दप्तर वाचतो आणि ‘दोष नाही’ असे निर्धास्तपणे सांगतो.) कोडाचा अर्थ, पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. नवा सेन्सर बसला, पैसे गेले, आणि चौथ्या दिवशी तेच दोन दिवे पुन्हा रुजू झाले. कोड हा निकाल असतो असे त्या गॅरेजाने गृहीत धरले होते. वस्तुतः ती फिर्याद असते, आणि तिचा आशय इतकाच, की या चाकाकडून येणारी बातमी कॉम्प्युटरला पटलेली नाही. बातमी बिघडविणारे पुष्कळ असतात: पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेऊन वायर कुरतडणारे उंदीर, झिजलेले बेअरिंग, एका चाकाला घातलेला निराळ्या मापाचा टायर, स्टार्टर मारताना मान टाकणारी बॅटरी, स्थैर्यनियंत्रणाच्या बाबतीत तर पेडलमागचा ब्रेकलाइटचा स्विच, किंवा अलाइनमेंटनंतर ज्याला ‘सरळ’ म्हणजे काय हे पुन्हा शिकविले गेले नाही असा स्टिअरिंगचा सेन्सर.

उलट, कधी फिर्यादच होत नाही. जुन्या धर्तीच्या गाड्यांत, विशेषतः समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, दातेरी कड्याखाली गंज फुगतो, कडे तडकते, आणि गाडी अगदी थांबत आलेली असताना, कोरड्या रस्त्यावर, पेडल पायाखाली विनाकारण थरथरते. दिवा एकही लागत नाही, कारण जबानी खोटी असली तरी ऐकू येण्याजोगी असते.

आमचा उलगडा दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “साहेब, दिवा सरळ रस्त्याला लागतो की वळणाला?” वळणालाच, हे तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते. मग त्यांनी गाडी जॅकवर उचलली, मुलाला स्टिअरिंगवर बसविले, स्वतः चाक हाताने फिरवीत राहिले आणि स्कॅनरवर त्या चाकाचा वेग मला वाचावयास लावला: चार, पाच, चार. स्टिअरिंग एका बाजूला पुरते वळताच शून्य. रबराचे वेष्टन शाबूत होते. आतली तार, स्टिअरिंगबरोबर रोज वाकून वाकून, एका जागी तुटली होती आणि वेष्टन ताणले की तिची टोके एकमेकांपासून दूर सरत. “सेन्सर बिचारा खरंच बोलत होता,” ते म्हणाले.

वायर बदलली तरी दिवे लगेच विझले नाहीत. गाडी रस्त्यावर आली, चारही चाकांचा वेग जुळल्याची कॉम्प्युटरची खातरजमा झाली, आणि मगच ते दोन्ही एकदम मावळले. मेहुणे अजूनही ती गाडी ‘ब्रेक गेलेली’ म्हणूनच ओळखतात.