पनवेलच्या हेडरची उंची कोण ठरवतं?

पनवेल हे चार अक्षरांचं नाव, ठाणे दोन अक्षरांचं. लोकलच्या वेळापत्रकाचं आयफोन अ‍ॅप लिहिताना टेबलच्या माथ्यावर ‘पनवेल – ठाणे’ असं हेडर ठेवलं आणि त्याला ४४ पॉइंट उंची देऊन टाकली, की काम झालंसं वाटतं. मग हार्बर मार्गाची पाळी येते. तिथलं दुसरं टोक म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १९९६ पर्यंत ते व्हिक्टोरिया टर्मिनस होतं, मग छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. उंची मात्र तेवढीच ठेवली, तर नावाचा शेवट गिळून तिथे तीन टिंबं उरतात.

त्यात वाचणाऱ्याचे डोळे वेगवेगळे. २०१३ च्या आयओएस ७ पासून फोनवरचं अक्षर आपल्या सोयीने लहानमोठं करता येतं. मजकुराचं नेहमीचं माप १७ पॉइंट, अ‍ॅक्सेसिबिलिटीतलं सर्वांत मोठं ५३. म्हणजे तिपटीहून जास्त! नातीच्या फोनवर जे नाव दोन ओळींत मावतं, त्याला आजीच्या फोनवर चार-पाच ओळी लागू शकतात. योग्य उंची कोणती, हे अ‍ॅप लिहिणाऱ्याला आधी कळूच शकत नाही. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

मग ती कळते कशी? ‘टर्मिनस’ हा एकच शब्द पाहा. फोनच्या स्मृतीत तो ट, र, हलन्त, म, ऱ्हस्व इकार, न, स अशा सात खुणांचा आहे. पडद्यावर यायच्या आधी र चा रफार होऊन वर चढतो, इकार म च्या डावीकडे सरकतो आणि सातांची चार अक्षरं होतात. ती जुळल्यावरच शब्दाची रुंदी कळते, रुंदीवरून ओळ कुठे मोडायची ते ठरतं, आणि ओळी मोजल्या की उंची हाती येते.

टेबलातल्या ओळी आणि विभागांची हेडरं २०१४ च्या आयओएस ८ पासून हा हिशेब आपला आपण करू शकतात. अख्ख्या टेबलाच्या माथ्यावरचं हेडर मात्र करत नाही. त्याला डेव्हलपरने विचारावं लागतं: एवढ्या रुंदीत तुला किती उंची लागेल? उत्तर आलं की ती उंची देऊन हेडर टेबलाला पुन्हा जोडायचं. तेही उंची खरोखर बदलली असेल तरच, नाहीतर जोडल्यामुळे नवी मांडणी आणि मांडणीमुळे पुन्हा जोडणी असं चक्र थांबतच नाही.

या प्रश्नामागे सुंदर गणित आहे. ‘लेबल कडेपासून इतकं आत’, ‘मजकूर कापला जाऊ नये’ अशा अटी समीकरणं आणि असमीकरणं म्हणून मांडल्या जातात आणि कॅसोवरी नावाची पद्धत ती एकत्र सोडवते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९९० च्या दशकात ती घडली. प्रत्येक अटीला प्राधान्य देता येतं, म्हणून दोन अटी भांडल्या तर कमी महत्त्वाची माघार घेते. हेडरला विचारताना रुंदीची अट पक्की ठेवतात आणि उंचीची सैल सोडतात, ती याच बळावर. फोन आडवा केला की रुंदी वाढते, समीकरणं पुन्हा सुटतात आणि पाच ओळींचं टर्मिनस दोन-तीन ओळींत येऊन बसतं.